प्रति: मागूनही मिळत नाही, मग प्रार्थना कशाला?

दादा, वर्षभर गुडघे टेकूनही मिळालं नाही, विश्वास कमी पडला का, असं तुम्ही विचारलंत. विश्वासाचं माझ्याआधी बऱ्याच जणांनी सांगितलं. मी हेतूचं सांगतो. बायबलात याकोब 4:3 मध्ये सरळच आहे: मागता पण मिळत नाही, कारण हेतू वाईट असतो.

माझीच गोष्ट घ्या. 2017 ला इकडे यवतमाळकडं गुलाबी बोंडअळी आली. रोज रात्री एकच, प्रभू, माझी कपाशी राख. धुऱ्यापलीकडं, म्हणजे बांधापलीकडं, चुलतभावाचं वावर, त्याच्याशी धुऱ्यावरूनच बोलणं बंद. एक दिवस त्याचं बोंड फोडून पाहिलं, तर आत सरकी खाऊन बसलेली अळी. आणि मला बरं वाटलं! खोटं कशाला बोलू. त्या रात्री प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’, म्हणजे दुसऱ्यांना क्षमा केली आहे, इथं आलो अन् जीभ अडली. (आठ दिवसांत अळी माझ्याकडंही आली. तिला कुठं धुरा कळतो?)

मार्क 11:25 तेव्हा नीट वाचलं: प्रार्थनेला उभं राहताना कोणाबद्दल मनात काही असेल तर आधी क्षमा करा. चर्चचे पाळक म्हणाले, मनातून येत नसलं तरी प्रार्थनेत त्याचं नाव तर घे. घेत गेलो, सुरुवातीला दातओठ खातच.

कपाशी गेली ती गेलीच. पण उलंगवाडीच्या वेळी, म्हणजे कपाशीचा हंगाम संपताना, चुलतभाऊ धुऱ्यावर आला, तंबाखूची पुडी पुढं केली. मी खात नाही, तरी चिमूटभर घेतली.