लॉस एंजेलिसने कोलंबसचा दिवस काढून मूलनिवासींना दिला, बरोबर केलं का?

अंगणवेल:
काल दुपारी लेकीला घेऊन लायब्ररीत गेले तर दार बंद, काचेवर कागद चिकटवलेला, इंडिजिनस पीपल्स डेची, म्हणजे मूलनिवासी दिवसाची सुट्टी म्हणून. लेक आठ वर्षांची, अक्षर लावत वाचलंन आणि विचारते, आई हे लोक राहतात कुठे? म्हटलं आपण उभे आहोत ना, इथेच. तिला वाटलं मी काहीतरीच सांगतेय.
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑक्टोबरचा दुसरा सोमवार ही अमेरिकेत कोलंबस डेची केंद्रीय सुट्टी. ३० ऑगस्ट २०१७ ला इथल्या सिटी कौन्सिलने १४ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की लॉस एंजेलिसमधे तो दिवस मूलनिवासींचा. विषय लावून धरणारे कौन्सिल सदस्य मिच ओफॅरेल स्वतः वायंडॉट नेशन या मूलनिवासी जमातीचे. विरोधात एकटे जो बुस्काइनो, इटालियन वंशाचे, त्यांचं म्हणणं नवा दिवस जरूर द्या पण आमचा काढून नको. मला निर्णय शंभर टक्के पटतो. १७८१ मधे हे शहर वसलं तेच मुळी इथल्या मूळच्या टोंग्वा लोकांच्या यांगा गावाला खेटून, आणि पुढे ते गावच तिथून उठवलं. मग या शहराने कोलंबसचा दिवस कशाला पाळायचा, तो तर या किनाऱ्याला कधी आलाही नाही. तुम्हाला काय वाटतं?

न्यूजर्सीकर:
नाही पटत. आमच्या शेजारी एक इटालियन आजोबा आहेत, त्यांच्यासाठी हा दिवस म्हणजे कोलंबसने काय केलं काय नाही केलं हा विषयच नाहीये. १८९१ मधे न्यू ऑर्लिन्सला जमावाने तुरुंगात घुसून ११ इटालियन माणसं मारली, आणि पुढच्याच वर्षी कोलंबसच्या ४०० वर्षांचा सोहळा झाला तेव्हा या लोकांना पहिल्यांदा वाटलं की आपणही इथलेच. दुसऱ्या महायुद्धात नागरिकत्व न मिळालेल्या इटालियनांना सरकारने शत्रू देशाचे म्हणून धरलं, त्यात तुमच्या कॅलिफोर्नियात तर किनाऱ्यालगतची घरं सोडायला लावली, आणि तो शिक्का निघाल्याची घोषणा कधी झाली तर १२ ऑक्टोबर १९४२, कोलंबस डेलाच. त्या समाजाला हा दिवस अपमान सोसून मिळालाय. एकाचं ताट ओढून दुसऱ्याला वाढायचं हा कुठला न्याय? वर्षात ३६५ दिवस आहेत, ९ ऑगस्ट तर संयुक्त राष्ट्रांनीच ठरवून दिलाय, तो घ्यायचा होता.

ठाणेकर:
मला दोन्ही बाजू जरा फसव्या वाटतात. कोलंबस डेला शहराच्या कर्मचाऱ्यांना पगारी सुट्टी होतीच, तीच राहिली, फक्त पाटी बदलली, शहराच्या खिशातून एक पैसा गेला नाही. टोंग्वांना केंद्र सरकार आजही जमात म्हणून मान्यता देत नाही, राज्याने १९९४ मधे दिली पण तिच्यामुळे जमीन मिळत नाही. आणि १८५१-५२ चे ते १८ करार? कॅलिफोर्नियातल्या जमातींशी सरकारने जमिनीचे करार केले, सिनेटने मंजूर केले नाहीत आणि वर १९०५ पर्यंत गुपित ठेवले. या लोकांना सुट्टी नकोय हो, जागा पाहिजे. २०२२ मधे लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडेनात एका खाजगी मालकाने १ एकर त्यांच्या संस्थेला परत दिली. एवढ्या मोठ्या मुलखात १ एकर, आणि तीही शहराने नाही दिली.

अंगणवेल:
ठाणेकर, जमिनीचं तुमचं सगळं मान्य, पण म्हणून दिवस फुकाचा होत नाही. आणि न्यूजर्सीकर, तोच दिवस का याचं उत्तर मला नुसत्या कोलंबसमधे नाही दिसत, सोमवार या वारात दिसतं. १८५० नंतर या शहरात काय चालायचं माहितीये का, द्राक्षाच्या मळ्यांवर आठवडाभर राबलेल्या आदिवासींना मजुरीतला काही भाग दारूच्या रूपात द्यायचे, रविवारी ते पिऊन पडले की पकडून कोंडायचे आणि सोमवारी सकाळी लिलाव, जो जास्त बोली लावेल त्याच्याकडे आठवडाभर राबायचं, मग शनिवारी परत दारू, परत रविवार, परत सोमवार. आणि हे चोरून नाही, शहराच्या ठरावाने. माणसं याच्यातच मेली. त्याच शहराने सोमवारी ऑफिसं बंद ठेवून त्यांचं नाव दारावर लावावं हे मला कमी नाही वाटत, ऑगस्टमधल्या एखाद्या तारखेने ते झालं नसतं.

जव्हारकर:
ताई, लिलावाचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे डहाणू-तलासरीला लग्नगडी म्हणायचे, लग्नाला सावकाराकडून पैसे काढले की नवरा-बायको दोघं त्याच्या घरी राबणार, फिटेपर्यंत, आणि ते फिटायचंच नाही. १९४५ ला वारली लोकांनी वेठ मोडली तेव्हा ते सुटले. मी स्वतः वारली आहे. ९ ऑगस्टला आमच्याकडे तारपा वाजतो, मिरवणूक निघते, पण मी आधी नोकरीला होतो तिथे त्या दिवशी रजा मागितली तर साहेब म्हणाले हा कसला सण. रजा दिली पण ते वाक्य अजून आठवतं. सुट्टी जाहीर असली की कोणाला काही सांगत बसावं लागत नाही, हा फरक ठाणेकर दादांना कळणार नाही, राग नका मानू.

ठाणेकर:
राग कसला, बरं झालं बोललात. पाटी बदलली म्हणालो तो शब्द हलका होता, मागे घेतो. जमिनीचा मुद्दा मात्र सोडत नाही.

न्यूजर्सीकर:
लिलावाचं मला माहीत नव्हतं. तरी माझं मत तेच, दोन्ही दिवस राहायला हवे होते. आजोबांनी तर तो लिलाव केला नव्हता ना.

अंगणवेल:
नव्हता केला, आणि त्यांच्या दिवसाला माझी ना नाही, कोलंबसच्या नावाला आहे. न्यू ऑर्लिन्सच्या त्या ११ जणांच्या नावाने दिवस ठेवा, मी लेकीला घेऊन येईन.
जाता जाता, टोपांगा, काहुएंगा, तुहुंगा ही नावं आम्ही रोज गाडी चालवताना घेतो, ती टोंग्वांचीच, शेवटचा 'ंगा' म्हणजे ठिकाण. लेकीला सांगितलं तर सगळ्या पाट्या वाचत सुटली. वेस्ट लॉस एंजेलिसला एका हायस्कूलच्या आवारात कुरुवुंग्ना म्हणून त्यांचा झरा आहे, अजून वाहतो, महिन्याच्या पहिल्या शनिवारी लोकांना आत सोडतात. पुढच्या महिन्यात तिला नेतेय, कुठे राहतात विचारत होती ना.