टीम चांगली आहे तरी काम पूर्ण होत नाहीये, मदत हवी आहे (तातडीचं)

अर्धविराम: नमस्कार मंडळी, पटकन मदत हवीये. माझ्या टीममधले सगळे कामाला चांगले आहेत, कामचुकार एकही नाही, पण हल्ली कुठलंच काम वेळेत हातावेगळं होत नाही. एक अर्धवट सोडून दुसरं घेतात, ते सोडून तिसरं, आणि विचारलं की "सरांनी सांगितलं" म्हणतात. मीटिंग घेऊन झाल्या, एकेकाशी वेगळं बोलून झालं, ढिम्म फरक नाही. सोमवारी मला वर उत्तर द्यायचंय. टीमचं मोटिव्हेशन वाढवायला काय करू? कृपया लगेच करता येईल असं सांगा.

तिसरा_मजला: पगार वाढवा म्हणून कोणी सांगेल, त्या नादी लागू नका. फ्रेडरिक हर्झबर्ग हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वाचा. १९५९ साली त्याने सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवरून मांडलं की पगार, नियम, वरिष्ठांची देखरेख या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या म्हणून तो झपाटून कामाला लागत नाही. त्यासाठी कामातच काहीतरी लागतं, जबाबदारी, यश, कौतुक. मी माझ्या टीमला आख्खी कामं सोपवायला लागलो आणि चित्र बदललं. तुम्हीही तेच करा.

वाटचाल: थांबा जरा, हे "सर" कोण? टीम तुमची ना?

परीक्षार्थी: हेन्री फेयॉलची मॅनेजमेंटची १४ तत्त्वं क्रमाने पाठ करायची काही युक्ती आहे का? पेपर जवळ आलाय.

अर्धविराम: सर म्हणजे प्रोजेक्ट हेड. ते थेट पोरांना काम सांगतात, मला मागाहून कळतं. हे सगळीकडे असतंच ना, म्हणून लिहिलं नाही. प्रश्न मोटिव्हेशनचा आहे.

शॉपफ्लोअर: नाही हो, प्रश्न मोटिव्हेशनचा नाहीच आहे! एका माणसाला हुकूम देणारा एकच असावा, याला युनिटी ऑफ कमांड म्हणतात, फेयॉलने १९१६ मध्ये लिहून ठेवलंय, आणि तो काही नुसता पुस्तकी माणूस नव्हता, खाणीची कंपनी वर्षानुवर्षं चालवलेला होता. तुमच्या सरांना सांगा, काम माझ्याकडे द्या, टीमकडे नाही. विषय संपला.

मॅट्रिक्स: इतकं सोपं नसतं. अमेरिकेत १९६० च्या दशकात विमान आणि अवकाश उद्योगात मुद्दाम दोन साहेबांची रचना उभी राहिली, एक खात्याचा, एक प्रोजेक्टचा, कारण एकेक तज्ज्ञ अनेक प्रोजेक्टना लागतो. आजही कितीतरी कंपन्या तशाच चालतात. दोन साहेब म्हणजे गोंधळ हे गृहीतच चुकीचं आहे.

शॉपफ्लोअर: अहो सायंटिफिक मॅनेजमेंटवाल्या फ्रेडरिक टेलरने तर एका कामगारावर ८ फोरमन सुचवले होते, ४ नियोजनाचे आणि ४ प्रत्यक्ष वर्कशॉपमधले! प्रत्येकाचा विषय वेगळा, वेग एकाचा, तपासणी दुसऱ्याची, मशीनची देखभाल तिसऱ्याची. कागदावर झकास दिसतं. पण वेगवाला म्हणतो हात उचल आणि तपासणीवाला म्हणतो दमाने घे, मग मशीनपुढे उभ्या माणसाने ऐकायचं कोणाचं? फेयॉलने याच मुद्द्यावर टेलरला विरोध केला होता.

जुनाजाणता: मला वेगळाच संशय येतोय. अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात कामगारांवर जे प्रयोग झाले, त्यातल्या बँक वायरिंग रूममध्ये (टेलिफोन एक्सचेंजच्या भागांची वायरिंग करायची खोली) १४ कामगार होते, गटाच्या उत्पादनावर पैसे मिळायचे, तरी दिवसाला किती करायचं हे त्यांनी आपापसात ठरवलेलं होतं आणि जास्त करणाऱ्याच्या दंडावर बाकीचे गुद्दा मारायचे. तुमची टीम ठरवून तर हळू जात नाही ना? एल्टन मेयो या संशोधकाने तिथे दिव्यांचे प्रयोग केले, उजेड कमीजास्त केला की कामावर काय परिणाम होतो ते बघायला, तेव्हाच...

मॅट्रिक्स: दिव्यांचे प्रयोग १९२४ ला सुरू झाले, मेयो त्यानंतर आला. शिवाय ही टीम हळू कुठे जातेय, ती तर धावपळ करतेय, फक्त पूर्ण काही होत नाहीये.

वाटचाल: धागा भरकटतोय. @अर्धविराम, टीमचं अप्रेझल कोण लिहितं? आणि दोन कामं एकदम आली तर आधी कुठलं, हे कोण ठरवतं?

अर्धविराम: अप्रेझल सरच लिहितात, मला कधीमधी विचारतात. आधी कुठलं हे कोणीच ठरवत नाही, जो शेवटी सांगून जातो त्याचं काम सुरू होतं. पण काम मागे पडलं की जाब मला.

वाटचाल: मग पोरं अगदी शहाण्यासारखी वागतायत, ज्याच्या हातात रेटिंग त्याचं ऐकतायत. उद्या कितीही कौतुक करा, बक्षिसं द्या, तरी हेच होणार. तुमच्याकडे जबाबदारी आहे, अधिकार नाही, आणि फेयॉलच्याच यादीत या दोन्ही गोष्टी जोडीने चालतात. दोघांकडून वेगवेगळ्या सूचना येणं याला रोल कॉन्फ्लिक्ट म्हणतात, मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट कान आणि मंडळींनी १९६४ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय, दोन बाजूंच्या अपेक्षा एकमेकींशी जुळत नसल्या की मधला माणूस पिचतो. इथे टीम पिचतेय आणि तुम्हीही.
सोमवारी "टीम मागे का" यावर बोलूच नका. एक कागद घेऊन जा, अर्धवट राहिलेलं काम, कुठवर आलं होतं, मध्ये कोणतं नवीन काम आलं, एवढंच. कोणी सांगितलं तो रकाना नको, नाहीतर चर्चा माणसांवर जाईल. मग सरांना विचारा, नवीन काम थेट द्यायचं तर द्या, पण त्याच्यासाठी यादीतलं कुठलं मागे ढकलायचं तेही त्याच वेळी सांगाल का?

मॅट्रिक्स: सहमत. दोन साहेब चालतात, दोन याद्या चालत नाहीत.

शॉपफ्लोअर: मला अजूनही वाटतं काम तुमच्यामार्फतच जायला हवं. पण सुरुवात म्हणून कागद ठीक.

अर्धविराम: कागद करायला घेतलाय, तीन कामं तर एकाच दिवशी थांबलेली दिसतायत. पण सर म्हणाले "सगळंच अर्जंट आहे", तर?

वाटचाल: तर वाद घालू नका, तिथेच विचारा की उद्या सकाळी टीमने आधी कुठलं उघडायचं. एक नाव येईपर्यंत उठू नका. आणि अप्रेझलमध्ये तुमचा लेखी अभिप्राय असावा ही मागणी वेगळ्या दिवशी करा, सोमवारी नको.

परीक्षार्थी: माझ्या प्रश्नाचं कोणी सांगेल का?