सी अँड ओ कालव्याचा टोपाथ, चार दिवसांत सायकलने?

भटकभवानी:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये मी आणि नवरा अमेरिकेत कंबरलँडहून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत टोपाथवरून, म्हणजे जुन्या सी अँड ओ (चेसापीक-ओहायो) कालव्याच्या काठाने खेचरं बोटी ओढत त्या वाटेवरून, सायकलने जायचं म्हणतोय, सगळे 184.5 मैल. हातात चार दिवस. साध्या हायब्रिड सायकली, मागे पॅनियर (कॅरियरला लटकवायच्या पिशव्या), मुक्काम तंबूत. नवरा म्हणतो, "सपाट तर आहे, त्यात काय!" त्याचं हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. कुणी केलंय का?

सुलुमावशी:
नवऱ्याला सांग, सपाट आहे हेच तर दुखणं. पाय थांबवून सायकल नुसती सोडून द्यायची सोयच नाही. अख्ख्या वाटेत उतार 605 फूट, तोही 74 लॉकमध्ये (बोटी वर-खाली न्यायचे दरवाजेवाले हौद) वाटलेला. लॉक आलं की सात-आठ फूट घरंगळायचं, हुश्श म्हणेपर्यंत परत पॅडल. मी 58व्या वर्षी केलं, पाच दिवसांत. गुडघ्यांनी साथ दिली, बुडाने नाही. चार दिवस म्हणजे रोज 46 मैल. कोरड्यात जमेल, पण पाऊस झाला तर विसरा.

मला पॉ पॉ गावाच्या अलीकडे रात्रभर पावसाने झोडपलं. सकाळी मडगार्ड आणि टायरच्या मधे चिखल असा गच्च बसला की चाकच फिरेना. वाटेवरची काटकी घेऊन दर अर्ध्या मैलाला उकरत बसले. शेवटी मडगार्ड काढून पॅनियरवर बांधलं आणि पाठीवर चिखलाची रांगोळी घेऊन पुढे गेले. तुमचे टायर 35 मिमीपेक्षा बारीक असतील तर बदलाच. आणि लिटल ऑर्लीन्सला पोचलात की टोपाथला सरळ रामराम ठोका. तिथून बिग पूलपर्यंत शेजारूनच डांबरी वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल (जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलवाट) जातो, साधारण 28 मैल. ही काही फसवणूक नाही!

पॉ पॉचा बोगदा मात्र चुकवू नका. 3118 फूट लांब. दोन वर्षांत करू म्हणून 1836 मध्ये हात घातला आणि 1850 मध्ये सुटले. आत सायकल हातात धरून चाला, टॉर्च हवाच. समोरचं तोंड पार पोचेपर्यंत बटणाएवढं दिसतं. मधे थांबून कठड्यावर बोटं फिरवा, बोटी ओढणाऱ्या खेचरांच्या दोरांनी लाकडात खाचा पाडल्यात. माझी करंगळी एका खाचेत बरोब्बर बसली. आतला कालवा एवढा अरुंद की दोन बोटी समोरासमोर आल्या की कुणीतरी मागे घ्यायलाच हवी. एकदा दोघेही नावाडी हटेनात, तेव्हा कंपनीच्या माणसाने हिरवी कणसाची ताटं पेटवून धुराने त्यांना बाहेर काढलं, असं सांगतात.

पाण्याची काळजी नको, तंबूच्या जागांवर हापसे आहेत. पाण्यात आयोडीन असतं, चव चहात लपते. हिवाळ्यासाठी नोव्हेंबरच्या मध्याला हापश्यांचे दांडे काढून नेतात, ऑक्टोबरमध्ये तुम्हाला मिळतील.

निवांत:
मावशींना अनुमोदन, एक भर. कानात घालायचे बोळे न्या. कालवा आणि बाल्टिमोर-ओहायो रेल्वे, दोन्हींची सुरुवात एकाच दिवशी, 4 जुलै 1828 ला. रेल्वे 1842 मध्ये कंबरलँडला पोचली, कालवा 1850 मध्ये धापा टाकत. आजही त्या रुळांवरून मालगाड्या धावतात, रात्री दोनला शिट्टी मारून कोण जिंकलं ते सांगतात.

आणि कालव्याच्या राष्ट्रीय उद्यानाच्या वेबसाइटवर बंद असलेले तुकडे आधी बघा. बोगद्याजवळ दरडीचं काम निघालं की सायकल डोंगरावरून ढकलत न्यावी लागते. मी भरलेली सायकल ढकललीय. सपाट नव्हतं.

भटकभवानी:
मावशी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. पाचवा दिवस मंजूर झाला! सप्टेंबरअखेर निघालो तर?

सुलुमावशी:
मग पॉपॉची फळं मिळायची शक्यता आहे, झाडाखाली पडलेली बघा. सीताफळाच्याच कुळातलं, गर पिवळा मऊ, बिया मोठ्या. पण डासही असतील. आणि शेवटचा टप्पा शनिवार-रविवारी नको. ग्रेट फॉल्सला कुत्री, बाबागाड्या, फोटो काढणारे, घंटी वाजवून अंगठा दुखतो. शून्य मैलाचा खांब जॉर्जटाउनमध्ये बोटहाउसच्या मागे, रॉक क्रीक हा ओढा पोटोमॅक नदीला मिळतो तिथे दडलेला आहे. मी पहिल्यांदा त्याच्यापर्यंत न जाताच परत फिरले होते.