जुन्या शाळेच्या दारावरील 1338 हा कोणता सन?

मांजराकाठ (प्रश्न):

सर्वांना नमस्कार. आमचे गाव लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठी आहे. गावातील दगडी शाळेचे वर्ग नव्या इमारतीत गेल्यावर ती बरीच वर्षे कुलूपबंद होती. ग्रामसभेच्या ठरावानंतर गेल्या दोन वर्षांपासून तेथे संबळ, भजन आणि चित्रकलेचे वर्ग भरतात, यात्रेच्या दिवसांत भारूडही होते. आता तिला रीतसर कलाकेंद्राचे रूप देऊन दाराशी इतिहासाचा फलक लावायचा आहे, आणि अडचण तेथेच आली आहे. दारावरच्या दगडावर उर्दूत एक ओळ कोरलेली असून एका निवृत्त गुरुजींनी ती ‘मदरसा तहतानिया सरकार-ए-आली, खुर्दाद 1338’ अशी वाचली. काही जण हा हिजरी सन धरून इमारत 1920 च्या सुमाराची मानतात. काही जण ती रझाकारांच्या काळातली असल्याचे सांगतात आणि म्हणून तो दगड गिलाव्याखाली झाकावा, असा आग्रह धरतात. दगड झाकला जाऊ नये असे मला मनापासून वाटते, परंतु हातात पुरावा नाही. सन कसा ठरवावा आणि कागदपत्रे कोठे शोधावीत?

जुने दफ्तर:

आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या ओळीतच आहे. खुर्दाद हा हिजरी महिना नव्हे. निजामाच्या हैदराबाद राज्यात सरकारी कामासाठी जो फसली सन चालत असे, त्यातील तो महिना आहे. हे वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजुर महिन्याने सुरू होई. त्यात 590 मिळवले की वर्षारंभीचा इसवी सन मिळतो आणि जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी 591 मिळवावे लागतात. खुर्दाद हा सातवा महिना असल्याने तो साधारण एप्रिल-मे दरम्यान येतो. म्हणजे आपली इमारत 1929 च्या उन्हाळ्यातील आहे. तेथे मोहरम किंवा रजब असे लिहिलेले असते, तर 1338 म्हणजे 1919-20 हा अर्थ बरोबर ठरला असता. रझाकारांचे अत्याचार ज्या काळात टिपेला पोहोचले, तो काळ 1947-48 चा, म्हणजे हा दगड बसल्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी आला. तेव्हा गावाच्या मनातील ती जखम कितीही खरी असली, तरी तिचा भार या दगडावर टाकणे न्यायाचे होणार नाही.

‘तहतानिया’ म्हणजे प्राथमिक. त्यापुढे वस्तानिया आणि फौकानिया असे टप्पे असत. ‘सरकार-ए-आली’ या शब्दांवरून शाळा निजाम सरकारची होती, हे उघड आहे. तरीही आपले गाव दिवाणीत (थेट सरकारी अमलात) होते, सर्फ-ए-खासमध्ये (निजामाच्या खासगी मुलखात) होते, पायग्यात (पायगा उमरावांच्या मुलखात) होते की एखाद्या जहागिरीत, हे आधी पाहावे, कारण 1949 मध्ये जहागिरी रद्द होईपर्यंत प्रत्येकाची दफ्तरे वेगळी असत. दुसरे असे की लातूर जिल्हा 1982 मध्ये वेगळा झाला. त्याआधीचा बराचसा पत्रव्यवहार उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्याच्या नावाने शोधावा लागेल. जागेच्या नोंदीसाठी 1954-55 चे खासरा पत्रक पाहावे. त्याहून जुने कागद हैदराबादच्या पुराभिलेखागारात मिळू शकतात. ते बहुतेक उर्दूत असतात, म्हणून त्या गुरुजींना अवश्य सोबत न्यावे.

गवंडीकाम:

सनाविषयी वरील दादांनी लिहिलेच आहे. मी भिंतींविषयी लिहितो, कारण फलकापेक्षा त्याची घाई अधिक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आपल्या भागातील दगडमातीची घरे कशी बसली, हे मी लहानपणी पाहिले आहे. त्या भिंती दोन-अडीच फूट जाड असूनही टिकल्या नाहीत, कारण आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा रचलेला होता, मध्ये माती आणि चिपा भरलेल्या होत्या, आणि दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच कोठे होता. त्यावर माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या छताच्या, मातीचे प्रचंड ओझे, आणि ती माती तर लोक दर पावसाळ्याआधी वाढवतच गेले होते.

आपली शाळा त्या धक्क्यातून उभी राहिली आहे, याचा अर्थ ती धोक्याबाहेर आहे असा कृपया घेऊ नका. भिंतीला कोठे फुगवटा आहे का आणि कोपरे उकलले आहेत का, हे स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्या. माळवदाचा जास्तीचा थर उतरवणे, ठरावीक अंतरावर भिंतीत आरपार दगड किंवा सळईसह काँक्रीटचे दुवे बसवणे आणि छताखाली चारही भिंतींना एकसलग पट्टा देणे, ही कामे इमारतीचे रूप न बिघडवता करता येतात. मातीने भरलेल्या दर्जांवर, म्हणजे दगडांमधील सांध्यांवर, सिमेंटचा जाड गिलावा मात्र चढवू नका. ओल आतच कोंडते आणि भिंत आतून पोकळ होत जाते. दगड झाकण्याचा विषय गावाने या कारणासाठी तरी सोडून द्यावा. ज्या खोलीत तीस-चाळीस मुले एकत्र बसून संबळ शिकणार, तेथे रंगरंगोटीवर आधी खर्च करणे मला पटत नाही.

ओसरी:

मी गोंधळी घराण्यातील आहे आणि अशाच एका गावशाळेत शिकले, म्हणून थोडे वेगळे सांगावेसे वाटते. शाळा कोणी व केव्हा बांधली, हे दगड सांगेल. तिच्यात कोण शिकले, हे दाखल-खारीज रजिस्टर सांगेल. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरेही कपाटांतून बाहेर आली. आपल्या शाळेचे रजिस्टर नव्या इमारतीत आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारावे. त्यात पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली, वाडीवस्तीवरची आणि दलित वस्तीतील मुले केव्हापासून येऊ लागली, किती जण दुसरीतच गळाले, हे वर्षावर्षाने दिसते. नावे आणि जाती फलकावर मुळीच लिहू नयेत. वर्षे आणि संख्या लिहाव्यात. कोणाला वर्गात आणि कोणाला ओसरीत बसवले जाई, हे मात्र रजिस्टरात नसते. ते सांगणारी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत, म्हणून त्यांच्याकडे या दिवाळीआधीच जावे.

माझ्या वडिलांना संबळ आणि तुणतुणे घेऊन शाळेच्या पटांगणात उभे राहता येई, पण वर्गात नाही. त्याच वर्गात आज मुले संबळ शिकत आहेत, ही गोष्ट फलकावर एका ओळीत तरी यावी.

मांजराकाठ:

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. खुर्दाद म्हणजे काय, हे काल रात्री पारावर वाचून दाखवले. दगड झाकावा म्हणणाऱ्यांपैकी दोघांनी तो आधी नीट धुऊन पाहू, असे मान्य केले आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे मुख्याध्यापकांकडे चौकशी केली. रजिस्टर आहे, पहिली काही पाने उर्दूत आहेत आणि गुरुजी रविवारी वाचायला येणार आहेत. संबळाचा वर्ग अभियंता भिंती पाहून जाईपर्यंत बाहेर लिंबाखाली भरेल.