फोन गाडीला जोडला आहे, मग नकाशा का दिसत नाही?

अ-२०२ :
सोसायटीच्या सर्व सभासदांस नमस्कार. नव्या गाडीच्या स्क्रीनला माझा फोन जोडलेला आहे, असे गाडी स्वतःच सांगते. कोणाचा फोन आला की तो गाडीच्या स्पीकरवर ऐकू येतो, गाणीही वाजतात. परंतु माझा मुलगा त्याच्या गाडीत रस्त्याचा नकाशा स्क्रीनवर आणतो, तसा तो माझ्याकडे काही केल्या येत नाही. ब्लूटूथ तीन वेळा काढून पुन्हा जोडले. गाडी ताब्यात देताना हे सारे मला दोन मिनिटांत दाखवण्यात आले होते आणि न समजताच मी मान डोलावली होती, एवढी चूक मान्य करतो. कोणी मार्गदर्शन करू शकेल का?

ब-४०३ :
काका, एकदा फोन बंद करून चालू करा, गाडीच्या यादीतून तो काढून टाका आणि ब्लूटूथ नव्याने जोडून पाहा. माझ्याकडे बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

ड-३०१ :
काका, ब्लूटूथ चौथ्यांदा जोडण्याची गरज नाही. ते नीट जोडलेले आहे म्हणून तर फोन आणि गाणी दोन्ही ऐकू येतात. नकाशा दाखवणे हे मुळात त्याचे कामच नाही. ‘फोन गाडीला जोडला’ असे आपण सगळेच म्हणतो, पण त्या एका वाक्यात तीन निरनिराळ्या जोडण्या दडलेल्या असतात: नुसते ब्लूटूथ, केबल लावून चालणारे अँड्रॉइड ऑटो (अँड्रॉइड फोनसाठी) किंवा ॲपल कारप्ले (आयफोनसाठी), आणि तेच केबलशिवाय. यांपैकी कोणती जोडणी अडली आहे हे आधी ठरवले नाही, तर सेटिंग्ज उलटसुलट करण्यात संध्याकाळ जाते आणि चालू असलेलेही बंद पडते.

ब्लूटूथच्या आतही कामे वाटून दिलेली असतात. बोलण्यासाठी एक प्रोफाइल, गाण्यांसाठी दुसरी, पुढचे-मागचे गाणे लावण्यासाठी तिसरी आणि नावे व नंबर गाडीत पाठवण्यासाठी चौथी. फोनच्या ब्लूटूथ यादीत आपल्या गाडीच्या नावापुढील चिन्हावर बोट ठेवले, तर ‘कॉल’, ‘मीडिया’, ‘संपर्क’ अशी वेगवेगळी बटणे दिसतात. गाणी वाजतात पण बोलणे ऐकू येत नाही, अशी तक्रार कोणाची असेल तर तेथे बहुधा एखादे बटण बंद असते. नकाशाचे बटण मात्र तेथे सापडणार नाही.

नकाशा स्क्रीनवर आणण्याचे काम अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले करते. कारप्ले २०१४ मध्ये आले, अँड्रॉइड ऑटो त्याच वर्षी जाहीर होऊन २०१५ मध्ये लोकांच्या हाती पडले. दोन्हींत विचार करण्याचे काम फोनच करतो. स्क्रीनवरचे चित्र फोनमध्ये तयार होऊन चलच्चित्रासारखे सतत गाडीकडे जात राहते, आणि आपण स्क्रीनला बोट लावले की ‘अमुक ठिकाणी बोट लागले’ एवढाच निरोप उलट फोनकडे येतो. त्यामुळे नकाशाचे ॲप गाडीत भरावे लागत नाही आणि नकाशासाठी लागणारा डेटाही फोनचाच खर्च होतो.

काका, आपला फोन अँड्रॉइडचा आहे का? आणि फोनसोबत आलेली केबल घरात आहे का?

अ-२०२ :
फोन अँड्रॉइडचाच आहे. फोनसोबतची केबल सापडत नाही, परंतु चार्जिंगच्या तीन-चार केबल घरात आहेत. त्यांतील एक गाडीत लावली होती. फोन चार्ज होतो, पुढे काही घडत नाही.

ड-३०१ :
फोन चार्ज झाला म्हणजे केबल चांगली, असा समज येथे दगा देतो. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या काही केबलमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखायची सोपी खूण अशी, की ती केबल घरच्या संगणकाला लावून फोनमधील फोटो संगणकावर दिसतात का ते पाहावे. फोनवरील सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडूनही फोटो दिसले नाहीत, तर ती केबल गाडीत नेण्यात अर्थ नाही. केबल एक मीटरपेक्षा लांब नसावी, आणि मध्ये जोड देऊन ती वाढवूही नये. मागच्या सीटपर्यंत पोहोचावी म्हणून घेतलेल्या लांब केबलवर जोडणी खड्ड्याखड्ड्याला तुटते.

दुसरी गोष्ट गाडीतील सॉकेटची. ज्यावर नुसते विजेचे चिन्ह असते ते सहसा चार्जिंगपुरतेच असते. ज्याच्या शेजारी फोनचे किंवा त्रिशूळासारखे यूएसबीचे चिन्ह असते, ते स्क्रीनला जोडलेले असते. मागच्या प्रवाशांसाठी दिलेली सॉकेट बहुतेक गाड्यांत चार्जिंगचीच असतात.

क-१०४ :
ताई, माझा आयफोन आहे. केबल योग्य आहे, सॉकेटही योग्य आहे, तरीही कारप्ले उघडत नाही. पत्नीचा आयफोन त्याच केबलवर लगेच चालतो.

ड-३०१ :
दादा, मग दोष गाडीत नाही आणि केबलमध्येही नाही, तो आपल्या फोनमध्ये आहे. एवढी चाचणी आपण स्वतःच करून टाकली आहे. प्रथम सिरी, म्हणजे आयफोनमधील बोलून काम सांगण्याची सोय, चालू आहे का ते पाहा, कारण सिरी बंद असेल तर कारप्ले चालत नाही. तसे नसेल तर ‘स्क्रीन टाइम’मधील निर्बंधांत जाऊन, परवानगी असलेल्या ॲपच्या यादीत कारप्ले बंद झालेले नाही ना, हे तपासा. मुलांच्या हाती फोन देण्यापूर्वी आपणच घातलेले निर्बंध पुढे विसरले जातात.

क-१०४ :
स्क्रीन टाइमच निघाला. मुलीच्या परीक्षेच्या वेळी मीच तो लावला होता. आभारी आहे.

ब-४०३ :
याच निमित्ताने एक विचारून घेतो. गाडीची बॅटरी बदलल्यापासून माझ्या स्क्रीनवर जोडणीची त्रुटी येत होती. बरेच दिवसांनी लक्षात आले की गाडीतील तारीख काही वर्षे मागे गेली होती. ती दुरुस्त केल्यावर अँड्रॉइड ऑटो आपोआप चालू झाले. हा योगायोग असावा का?

ड-३०१ :
योगायोग नाही. जोडणीच्या वेळी फोन आणि गाडी एकमेकांची डिजिटल प्रमाणपत्रे तपासतात, आणि प्रत्येक प्रमाणपत्राला ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. गाडीच्या घड्याळात ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसेल, तर ती ते नाकारते.

अ-२०२ :
गाडीत बसून लिहीत आहे. संगणकावर फोटो दिसतात अशी केबल सापडली आणि सॉकेटही फोनच्या चिन्हाचे आहे. आता एक नवाच प्रकार घडतो आहे. स्क्रीनवर ‘अँड्रॉइड ऑटो सुरू करायचे का’ असे क्षणभर उमटते, मी बोट पुढे नेईपर्यंत ते नाहीसे होते आणि फोन चार्जिंगचा आवाज पुन्हा पुन्हा करत राहतो. फोन हातात धरून केबल किंचित वर उचलून ठेवली, तर ते टिकते.

ड-३०१ :
काका, हे वर्णन फार उपयोगी आहे. केबल फोनमधून काढा आणि फोनच्या पोर्टमध्ये दुसऱ्या फोनच्या टॉर्चचा उजेड टाकून पाहा. नंतर केबल पुन्हा घाला. टोक ‘टक्’ असे जाणवून पूर्ण आत बसते, की थोडे बाहेर राहते? फोन खिशात राहिला की कापडाचे तंतू पोर्टमध्ये जमतात आणि दर वेळी केबल घालताना आपणच ते तळाशी दाबून बसवतो. वीज जेमतेम पोहोचत राहते, माहितीच्या बारीक पट्ट्या मात्र तेवढ्या फटीने सुटतात.

फोन पूर्ण बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने हलक्या हाताने तो कचरा उकरावा. टाइप-सी पोर्टच्या मध्यभागी पातळ जीभ असते, तिच्यावर जोर देऊ नये. सुई, टाचणी किंवा केसांची पिन कृपया वापरू नये, आणि तोंडाने फुंकूही नये, कारण फुंकरीबरोबर ओलावा आत जातो.

सचिव :
सर्वांना एक विनंती. तळघरातील पार्किंगमध्ये अशा चाचण्या करताना इंजिन चालू ठेवू नये. धूर तेथे साचतो आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. स्क्रीन इंजिनाविना चालू करता येते. अर्थात तीही तासभर चालू ठेवली तर गाडीची बॅटरी उतरते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

अ-२०२ :
इंजिन बंदच आहे, काळजी नसावी. पोर्टमधून जे निघाले ते पाहून मला स्वतःचीच लाज वाटली. मसुराच्या दाण्याएवढा, करड्या रंगाचा, दाबून दाबून नमद्यासारखा झालेला कापसाचा गोळा होता. त्यानंतर केबल पूर्ण आत बसली, फोनने एकामागून एक परवानग्या मागितल्या, त्या मी वाचून दिल्या आणि नकाशा आला. परंतु नकाशात फक्त करडी पाटी आणि निळा ठिपका दिसतो, रस्ते उमटत नाहीत.

ड-३०१ :
जोडणी झाली आहे, आता अडचण इंटरनेटची आहे. पार्किंगमध्ये आपल्या घरच्या वाय-फायची एखादी कांडी पोहोचते आणि फोन तिलाच चिकटून बसतो. ती कामाची नसते, पण पूर्ण तुटतही नाही, म्हणून तो मोबाइल डेटाकडे वळत नाही. वाय-फाय तात्पुरते बंद करा किंवा गाडी फाटकाबाहेर न्या. निघण्याच्या रस्त्याचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवला असेल, तर हा प्रश्न येत नाही.

क-५०२ :
एवढा खटाटोप करण्यापेक्षा केबलच नको, असे मला वाटते. माझ्या गाडीत वायरलेस जोडणी आहे. तिच्यातही वाय-फाय बंद ठेवायचे का?

ड-३०१ :
नाही, तेथे अगदी उलट आहे. वायरलेस जोडणीत ब्लूटूथ फक्त ओळख करून देते. गाडी ब्लूटूथवरून आपल्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड फोनला कळवते आणि त्यानंतर चित्राचा सारा प्रवाह वाय-फायवरून, बहुधा ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून जातो, कारण एवढी माहिती वाहून नेण्याइतका ब्लूटूथचा मार्ग रुंद नाही. म्हणून फोनवर ब्लूटूथ आणि वाय-फाय ही दोन्ही चालू हवीत. अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढील आवृत्ती असेल आणि फोनला ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय असेल, तर वायरलेस चालायला हरकत नसते. अर्थात गाडीनेही ते स्वीकारले पाहिजे. सारे जुळत असूनही जोडणी होत नसेल, तर फोनमधील व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सोय) आणि बॅटरी बचतीचा मोड बंद करून पाहावा.

माझे वैयक्तिक मत विचाराल, तर दहा मिनिटांच्या फेरीसाठी वायरलेस सोयीचे आहे आणि लांबच्या प्रवासाला केबलच बरी. चित्र तयार करणे, ते वाय-फायवरून पाठवणे, उपग्रहाकडून जागा शोधणे आणि त्यात उन्हात तापलेली काच, एवढे सगळे एकदम आले की फोन गरम होतो. तो वायरलेस चार्जिंगच्या पट्टीवर ठेवला असेल तर आणखी गरम होतो, आणि ठरावीक तापमानापुढे फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. मग मुक्कामी पोहोचेपर्यंत बॅटरी तळाला गेलेली असते.

ब-४०३ :
वायरलेसची माझी तक्रार वेगळी आहे. मी पहिल्या मजल्यावर राहत असताना आमची गाडी बरोबर खिडकीखाली उभी असे. पत्नी वर घरात तिच्या आईशी फोनवर बोलत होती आणि मी खाली गाडी चालू केली. क्षणात तिचा आवाज बंद झाला आणि सासूबाई माझ्या गाडीत, पूर्ण आवाजात, माझ्याच विषयी बोलू लागल्या. पुढचे सांगत नाही.

ड-३०१ :
दादा, गाडीने आपले काम चोख केले! साध्या फोनच्या ब्लूटूथचा पल्ला सुमारे १० मीटरचा असतो आणि गाडी चालू होताच ओळखीच्या फोनचा शोध घेते. ज्यांच्या गाडीला घरातील दोन-तीन फोन जोडलेले आहेत, त्यांनी गाडीच्या सेटिंग्जमध्ये कोणत्या फोनला अग्रक्रम द्यायचा ते ठरवून ठेवावे. तशी सोय नसेल, तर जो फोन गाडीत क्वचितच असतो त्याचे आपोआप जोडले जाणे बंद करावे.

क-१०४ :
मी वापरलेली गाडी घेतली, तेव्हा तिच्या स्क्रीनवर आधीच्या मालकांचे घर, कार्यालय आणि कित्येक नावे-नंबर तसेच होते. मी ते पुसून टाकले, परंतु माझ्या जुन्या गाडीत माझे काय काय राहिले असेल, हा विचार तेव्हा प्रथम मनात आला.

ड-३०१ :
हा मुद्दा महत्त्वाचा आहे. नंबरांची यादी ब्लूटूथवरून गाडीत उतरते, आणि पुष्कळ गाड्यांत फोन निघून गेल्यावरही ती गाडीतच साठलेली राहते. केवळ फोनमधून गाडीचे नाव काढले म्हणजे ती पुसली जात नाही. गाडी विकताना स्क्रीनच्या सेटिंग्जमधून फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे साठलेले सारे पुसून स्क्रीन मूळ स्थितीत आणावी. भाड्याची गाडी परत देताना निदान आपला फोन तिच्या यादीतून काढावा. किंबहुना भाड्याच्या गाडीत संपर्क देण्याची परवानगी सुरुवातीलाच नाकारावी, गाणी आणि बोलणे त्याविनाही चालते.

अ-२०२ :
फाटकाबाहेर येताच रस्ते उमटले. चक्कर मारून आलो. एकच अडचण राहिली: मार्ग सांगणारी बाई इतकी हळू बोलते की वळण निघून गेल्यावर कळते. आवाजाचे बटण पूर्ण फिरवले तर गाणी मात्र कान फोडतात.

ड-३०१ :
काका, दोघांचे आवाज वेगवेगळे साठवले जातात. ती बोलत असेल नेमक्या त्या वेळी बटण फिरवा, म्हणजे तिचा आवाज वाढेल; ती गप्प असताना फिरवले तर गाण्यांचाच वाढतो. गाडी चालवताना हे जमवू नका, शेजारी कोणाला तरी बसवा.

अ-२०२ :
उद्या सकाळी सौभाग्यवतींना शेजारी बसवून हा प्रयोग करतो. टूथपिकची डबी मात्र त्यांनी आताच गाडीत ठेवली आहे.