मुठीचा डबा: बेताच्या मिळकतीतले देणे आणि मुले (आपले अनुभव लिहावेत)

कृष्णाकाठ
गेल्या आठवड्यात आईच्या कराडच्या घराची आवराआवर करताना फडताळात मागे सरकलेला एक पितळी डबा हाती लागला आणि आजी डोळ्यांपुढे उभी राहिली. दळण निवडून झाले की त्यातली एक मूठ ज्वारी ती रोज या डब्यात टाकत असे. तिच्या लहानपणी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांसाठी गावोगाव धान्य गोळा होई, तेव्हापासूनची ती सवय होती. त्यांची रयत शिक्षण संस्था १९१९ साली आमच्याच तालुक्यातील काले गावी सुरू झाली आणि पुढे साताऱ्याला वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रही, मोडले, हे आजी घरातल्या कोणाविषयी सांगावे तशा ओलाव्याने सांगत असे.

धान्य न्यायला येणारे पुढे येईनासे झाले, तरी तिची मूठ थांबली नाही. महिनाअखेरीस तो डबा वाडीतल्या एका एकट्या म्हातारीकडे जाई आणि तो पोहोचवण्याचे काम माझे असे. डब्यावर फडके झाकून न्यायचे आणि तिथे काय पाहिले ते कोणाला सांगायचे नाही, एवढ्या दोनच सूचना असत.

आज घराचा हप्ता आणि सासूबाईंची औषधे गेल्यावर आमच्या हाती फारसे उरत नाही, परंतु आठ वर्षांच्या मुलीच्या मनात ही मूठ रुजावी असे फार वाटते. आपण आपल्या घरी हे कसे केले?

खडूफळा
मी प्राथमिक शिक्षक आहे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनासाठी आमच्या लहानपणी शाळेत निधी जमा होई आणि कोणी किती दिले याची यादी फळ्यावर लागत असे. वडील हमाली करत. मी चार आणे नेले होते आणि माझे नाव सर्वांत खाली होते. त्या दिवशी मी घरी येऊन वडिलांवर रागावलो, याचे दुःख मला आजही होते, कारण ते चार आणे त्यांनी स्वतःच्या चहातून वाचवलेले होते. माझ्या वर्गात आता बंद डबा फिरतो. प्रत्येक मूल त्यात मूठ घालते. ती मूठ रिकामी असली तरी कोणाला कळत नाही. मुलांना देणे शिकवायचे असेल, तर ज्याच्याकडे आज काहीच नाही त्याचीही लाज राखली जाईल अशी सोय मोठ्यांनी आधी करावी, असे माझे ठाम मत आहे.

वारणेची_लेक
मी घेणाऱ्या बाजूने लिहिते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीच्या घरात छातीइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर मदतीचे टेम्पो आले, त्यात कपड्यांचे ढीग होते: उसवलेली पोलकी, डाग पडलेल्या साड्या, एकाच पायाचा बूट. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला ठाऊक आहे, तरीही त्या ढिगातून स्वतःच्या मापाचे काही शोधत उभे राहणे किती जड जाते, हे अनुभवल्याखेरीज समजत नाही. न निवडलेले कपडे शेवटी रस्त्याकडेला चिखलात पडून राहिले आणि तेही आम्हालाच उचलावे लागले.

त्याच गर्दीत एक लहानसे बोचके माझ्या वाट्याला आले, ते मी जन्मभर विसरणार नाही. आत काय काय होते ते सांगते, कारण कोणाला तरी उपयोग होईल: खराटा, फिनाईलची बाटली, काडेपेट्या, मेणबत्त्या, नवे कोरे परकर, सॅनिटरी पॅड, अंगाचा साबण आणि वहीसोबत टोक काढून ठेवलेल्या दोन पेन्सिली. कोण्या मुलाने त्या पेन्सिलींना टोक काढले असेल, ते मला माहीत नाही. माझ्या मुलाने मात्र त्यानंतर शाळेतल्या कोणालाही पेन्सिल दिली की आधी टोक काढून दिली.

खडूफळा
ताई, हे उद्या वर्गात वाचून दाखवू का?

वारणेची_लेक
अवश्य वाचा, गुरुजी. परकरांचा उल्लेखही वगळू नका. मुलांनाही ते कळायला हवे.

हिशेबवही
मी एका बालगृहाचे हिशेब पाहते. १५ ऑगस्टला आमच्याकडे एकाच सकाळी पाच-सहा मंडळे लाडू घेऊन येतात, पितृपंधरवड्यात जेवण देण्यासाठी तारखा मिळत नाहीत, आणि जून महिन्यात गणवेश, दप्तरे, तूरडाळ व विजेचे बिल यांसाठी मी फोन करत बसते. मिळकत बेताची असणाऱ्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की वर्षातून एकदा पाच हजार देता येत नसतील, तर दरमहा दोनशे द्या; ठरावीक तारखेला येणाऱ्या त्या दोनशेंवर डाळीचा हिशेब बसवता येतो. नेण्यापूर्वी काय हवे ते विचारा. वाढदिवस साजरा करायला मूल आणणार असाल, तर आमच्या मुलांना रांगेत उभे करून त्यांची छायाचित्रे काढू नका.

पावती मात्र न विसरता घ्या. दोन हजारांहून अधिक रक्कम रोख दिल्यास प्राप्तिकरात देणगीची वजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही, परंतु पावतीमुळे संस्थेच्या वहीत आपला रुपया दिसतो.

मधुमालती
मला एक अवघड आठवण लिहायची आहे. मी सहा वर्षांची असताना आईने माझी कापडी बाहुली घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीला देऊन टाकली. मला विचारले नव्हते. मी रडले तेव्हा “इतका स्वार्थीपणा बरा नव्हे” असे ऐकावे लागले आणि कितीतरी वर्षे दान या शब्दासोबत मला ती बाहुलीच आठवत राहिली. माझ्या मुलीला मी तिच्या वस्तूंबाबत नेहमी विचारते आणि ती नाही म्हणाली तर तिथेच थांबते. मागच्या दिवाळीत तिने आपणहून नवा रंगपेटीचा संच काढून दिला. जुना का नाही, असे मी विचारले, तर जुन्यातला निळा संपला आहे, असे ती म्हणाली.

कृष्णाकाठ
मधुमालती, तुमचे वाचून थांबले. मी मुलीला न विचारता तिचा एक फ्रॉक देण्यासाठी काढून ठेवला होता. आज तो तिच्या कपाटात परत ठेवला.

रेल्वे_कॉलनी
आमच्याकडे पैसा नव्हता, म्हणून वडील रक्तदान करत. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते; वडिलांनी त्या तारखा दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवलेल्या असत. ते आम्हा भावंडांना सोबत नेत आणि मिळालेली बिस्किटे आम्हाला देत. मी अठरा वर्षांचा झालो त्या आठवड्यात त्यांनी मला शेजारच्या खाटेवर झोपवले. आम्ही काही बोललो नाही, पण त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले होते.

जोगवा
आई चार घरची धुणीभांडी करत असे. दिवाळीत त्या घरांतून मिळालेला फराळ ती आधी मोठ्या ताटात एकत्र करी आणि आमच्या हाताला लागण्यापूर्वी शेजारच्या आजारी काकांचा वाटा काढून ठेवी. उरलेल्यात आम्हाला चकल्या कमी येत आणि आम्ही कुरकुरत असू. त्या काकांनी पुढे माझ्या दहावीच्या परीक्षेचे शुल्क भरले, हे खरे. पण आई वाटा काढत होती तेव्हा असे काही होईल हे तिच्या मनातही नव्हते.

कृष्णाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. १ तारखेपासून आम्ही आजीचा डबा पुन्हा सुरू केला आहे. आम्ही भात अधिक खातो, म्हणून त्यात तांदूळ पडतो आणि मूठ मुलीचीच असते. पहिल्या दहा मुठी मोजून पाहिल्या, त्या पाव किलो भरल्या. म्हणजे महिन्याला पाऊण किलो होईल. तो कोणाकडे न्यायचा हे ठरवण्यापूर्वी हिशेबवहींनी सांगितल्याप्रमाणे आधी विचारून घेणार आहे. धान्याला कीड लागू नये म्हणून आजी काय करत असे, ते मात्र आठवत नाही.

वारणेची_लेक
कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून तळाशी घालावा, आणि देण्यापूर्वी तो आपणच निवडून काढावा.