मदत हवी आहे : चिनी 'ता' क्रियापद कुठे तोडायचं?

मँडरिन शिकणाऱ्यांसाठी आणि शिकवणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. 'ता' (तिसरा सूर, उच्चार आपल्या 'त'सारखा, 'द' नव्हे) म्हणजे मारणे. आपण हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो. तसंच हे क्रियापद नामाला चिकटून अर्थ बदलतं. 'ता त्येनह्वा' फोन करणे, 'ता चन' इंजेक्शन देणे किंवा घेणे, 'ता सान' छत्री धरणे, 'ता श्वेइ' पाणी भरून आणणे. 'ता पा च' म्हणजे आठ दशांश किंमत, म्हणजे २० टक्के सूट. इथे ८० टक्के सूट समजण्याची चूक फार होते. बास्केटबॉलला 'ता' चालतं, फुटबॉलला मात्र 'थी' (लाथ मारणे) लागतं.

इथवर ठीक आहे. अडतं ते 'ल' (क्रिया पूर्ण झाल्याची खूण) आणि संख्या घालताना. तीन फोन केले = 'ता ल सान क त्येनह्वा' (इथे 'सान' म्हणजे तीन, 'क' हा मोजणीचा शब्द). 'ल' आणि संख्या मधे येतात. 'ता त्येनह्वा सान क' चूक. पण 'तासाओ' (झाडलोट करणे) आणि 'ताथिंग' (चौकशी करणे) असे तुटत नाहीत, तिथे 'ल' शेवटी: 'तासाओ ल'.

दुसरा भाग नाम असेल तर तोडायचं, क्रियापद असेल तर नाही, असा नियम लावून पाहिला. तो 'ता तू'पाशी (पैज लावणे) मोडतो. 'तू' स्वतः क्रियापद, तरी 'ता क तू' बरोबर! मग ओळखायचं कसं? काही खूण आहे, की यादी पाठ करणं हाच मार्ग? उदाहरणं पूर्ण वाक्यात, सुरांसकट द्यावीत ही विनंती.